‘योग्य देकार आला नाही’ : नेटवर्कवरून आरंभ होणाऱ्या युनिक्स यंत्रांतील दोषांचे निदान

आमच्या विभागाच्या ध्वनिसंग्रहाचा सर्व्हर जून २०२२ मधील एका सकाळी सुरू होईना. आदल्या रात्री पावसात वीज गेली होती व पहाटे परत आली होती. पडद्यावर इंग्रजीतील एकच ओळ पुनःपुन्हा उमटत होती. तिचे मराठी रूपांतर ‘पीएक्सई-ई१६ : योग्य देकार आला नाही’ असे करता येईल. ह्या सर्व्हरवर मालवणी व चित्पावनी बोलींची क्षेत्रकार्यात केलेली ध्वनिमुद्रणे होती, आणि त्यांपैकी शेवटच्या हंगामातील मुद्रणांची दुसरी प्रत त्या दिवसापर्यंत कोठेही काढलेली नव्हती. हा दोष सर्वस्वी आमचा. ज्यांचे बोलणे त्या हंगामात मुद्रित केले, त्या निवेदकांपैकी दोघे वृद्ध मधल्या काळात निवर्तले होते. म्हणजे ती मुद्रणे पुन्हा मिळण्याजोगी नव्हती. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने जो उपाय सुचविला तो अंमलात आला असता तर साधारण पाऊण तासात तो सर्व संग्रह पुसला गेला असता. तो उपाय चुकीचा का होता, आणि बरोबर वाटत का होता, हे समजावून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने ह्या विषयात का पडावे, अशी शंका काही वाचकांना येईल. आमचे उत्तर असे की, पडद्यावरील दोषसंदेश हे एक वचन असते. कोणत्याही वचनाचा अर्थ लावताना वक्ता कोण, श्रोता कोण, आणि बोलण्याच्या क्षणी वक्त्याला काय ठाऊक होते, हे प्रश्न आपण विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रातच विचारावयास शिकवतो. नेटवर्कवरून सुरू होणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हेच प्रश्न विचारले, तर निम्म्याहून अधिक दोष आपोआप उलगडतात असा आमचा अनुभव आहे.

प्रथम मूळ अडचण ध्यानात घ्यावयास हवी. यंत्र चालावयाचे तर त्याच्या स्मृतीत कार्यप्रणाली असावी लागते. परंतु ती स्मृतीत आणून ठेवावयाची तर कोणतीतरी प्रणाली आधीच चालू असावी लागते. कितीही तरबेज डोंबाऱ्याला स्वतःच्याच खांद्यावर चढता येत नाही, हा आपल्या शास्त्रकारांचा आवडता दृष्टांत येथे तंतोतंत लागू पडतो. इंग्रजीतील ‘बूट’ हा शब्दही स्वतःच्याच बुटाचे बंद ओढून स्वतःला उचलण्याच्या अशाच एका अशक्य कल्पनेतून आलेला आहे. ह्यातून वाट काढली जाते ती पायऱ्यापायऱ्यांनी. मुद्रित फलकावर कायम कोरलेली एक छोटी प्रणाली, म्हणजे फर्मवेअर, तेवढी आपण होऊन जागी होते. ती तिच्याहून थोड्या मोठ्या प्रणालीला आणते. ती आणखी मोठीला. तबकडीवरून आरंभ होतो तेव्हा ह्या सर्व पायऱ्या एकाच पेटीत असतात. नेटवर्कवरून आरंभ होताना मात्र प्रत्येक पायरीला दुसऱ्या यंत्राशी बोलावे लागते, आणि त्यासाठी आधी स्वतःचा पत्ताही विचारून घ्यावा लागतो.

ह्या पद्धतीचा इतिहास थोडक्यात असा. १९८० नंतरच्या दशकात तबकड्या महाग होत्या, म्हणून तबकडीविरहित युनिक्स यंत्रे एका सामाईक सर्व्हरवर अवलंबून चालविण्याची कल्पना रूढ झाली. सन कंपनीच्या यंत्रांमुळे ती विशेष प्रसिद्धीस आली. एमआयटीच्या कॅरन सॉलिन्स यांनी १९८१ मध्ये टीएफटीपी ह्या साध्या फाइलवाहक संकेताचे टिपण प्रसिद्ध केले. १९८४ मध्ये स्टॅनफर्डमधील मंडळींनी आरएआरपी हा पत्ता विचारण्याचा संकेत मांडला आणि १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनी बूटपी मांडला. त्याचाच विस्तार होऊन डीएचसीपी तयार झाला; त्याचे आजचे प्रमाणरूप १९९७ चे आहे. इंटेल कंपनीने १९९९ मध्ये पीएक्सईची २.१ ही आवृत्ती प्रसिद्ध करून ह्या सर्वांना एका चौकटीत बसविले. आज तबकड्या स्वस्त झाल्या असल्या तरी शेकडो यंत्रांवर एकाच वेळी प्रणाली बसविण्यासाठी ही पद्धत सर्वत्र वापरात आहे.

संवादाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. नुकतेच जागे झालेले यंत्र सर्वांना उद्देशून पुकारा करते : ‘येथे कोणी पत्ता देणारा आहे काय?’ ह्याला शोध म्हणू. डीएचसीपी सर्व्हर देकार देतो; यंत्र त्या देकाराची रीतसर मागणी करते; सर्व्हर मान्यता देतो. सर्व्हर ६७ व ग्राहकयंत्र ६८ क्रमांकाच्या पोर्टवरून बोलते. देकारात पत्ता तर असतोच. परंतु नेटवर्कवरून आरंभ करावयाचा असेल, तर कोणत्या सर्व्हरकडून कोणती फाइल आणावयाची हेही त्यात सांगावे लागते. नंतर टीएफटीपीने ती फाइल, म्हणजे बूटलोडर, येते. तो कर्नल आणतो. आणि यंत्र खरोखरीच तबकडीविरहित असेल तर कर्नल एनएफएसच्या द्वारे आपली मूळ फाइलव्यवस्था दूरच्या सर्व्हरवरून जोडून घेतो.

येथे वक्ते चार आहेत : फर्मवेअर, बूटलोडर, कर्नल आणि शेवटी कार्यप्रणालीची सेवायंत्रणा. पडदा एकच असल्यामुळे ते एकाच तोंडाने बोलत आहेत असा भास होतो. संदेशाचा उच्चार कोणाचा हे ठरले, की त्याच्या आधीच्या सर्व पायऱ्या यशस्वी झाल्या हे आपोआप सिद्ध होते. जुन्या धर्तीच्या पीएक्सई फर्मवेअरचे संकेतांक ह्या दृष्टीने वाचावेत. ई६१ म्हणजे तारेतच खंड आहे. ई५१ म्हणजे पुकारा केला, पण एकही देकार आला नाही. मग सर्व्हर बंद आहे काय, किंवा सर्व्हर दुसऱ्या उपजालात असून मध्ये पुकारा पोचविणारा रिले नाही काय, हे पाहावे. ई५३ म्हणजे देकार आला, पण त्यात फाइलीचे नाव नव्हते. ई३२ म्हणजे नाव मिळाले, पण टीएफटीपी सर्व्हरने तोंड उघडले नाही. आणि टी०१ म्हणजे ‘फाइल सापडली नाही’.

ह्या शेवटच्या संदेशाने नवशिके फार घाबरतात. वास्तविक तो शुभसंदेश आहे. ‘फाइल सापडली नाही’ हे ग्राहकयंत्राचे स्वतःचे मत नव्हे. ते सर्व्हरचे वचन आहे व ग्राहकयंत्र ते केवळ उद्धृत करीत आहे. सर्व्हरचे वचन पडद्यापर्यंत पोचले, ह्याचा अर्थ तार, स्विच, पत्ता, सर्व्हरची सेवा हे सारे दोन्ही दिशांनी नीट चालू आहे. उरला तो फक्त नावाचा किंवा मार्गाचा घोळ. टीएफटीपी सर्व्हर बहुधा स्वतःला एका निर्देशिकेत कोंडून घेतो, आणि मग त्या निर्देशिकेचा पूर्ण मार्ग फाइलीच्या नावात लिहिला की तो मार्ग दोनदा लागून फाइल दिसेनाशी होते. युनिक्समध्ये लहान व मोठी अक्षरे भिन्न मानली जातात, हेही विसरता कामा नये.

टीएफटीपीचा संवाद मोठा रम्य आहे. सर्व्हर फाइलीचा ५१२ बाइटांचा एक तुकडा देतो आणि ग्राहकाच्या पोचपावतीसाठी थांबतो. पोच आली की पुढचा तुकडा. आजीने गोष्ट सांगावी आणि नातवाने प्रत्येक वाक्याला ‘हूं’ म्हणावे, हूं थांबला की गोष्ट थांबावी, असाच हा प्रकार होय. गोष्ट संपल्याची खूणही गोष्टीतच असते : ५१२ पेक्षा लहान तुकडा आला की फाइल संपली. फाइलीची लांबी ५१२ ने नेमकी विभाज्य असेल तर शेवटी एक रिकामा तुकडा पाठवावा लागतो. रूपशास्त्रातील शून्यप्रत्ययाचे इतके स्वच्छ उदाहरण यंत्रांच्या जगात आम्ही दुसरे पाहिलेले नाही.

ह्याच साधेपणातून दोन चमत्कारिक दोष उद्भवतात. ग्राहक आपली मागणी सर्व्हरच्या ६९ क्रमांकाच्या पोर्टवर करतो. परंतु सर्व्हर उत्तर देतो ते नव्याच एका पोर्टवरून. मधल्या अग्निभिंतीला फक्त ६९ चीच ओळख असेल तर ती हे उत्तर परक्याचे समजून टाकून देते. सर्व्हरच्या नोंदवहीत ‘फाइल पाठविली’ असे दिसते, ग्राहकाच्या पडद्यावर ‘उत्तर नाही’ असे दिसते, आणि दोघेही खरे बोलत असतात. दुसरा दोष तुकड्यांच्या क्रमांकाचा. हा क्रमांक सोळा बिटांचा असल्यामुळे ६५,५३५ च्या पुढे मोजता येत नाही. ५१२ बाइटांच्या हिशेबाने ही मर्यादा सुमारे ३२ मेगाबाइटांवर येते. पुढे क्रमांक पुन्हा शून्यापासून मोजण्याची किंवा तुकडा मोठा ठरविण्याची सोय अनेक प्रणालींत आहे. पण दोन्ही बाजूंचे त्यावर एकमत नसेल तर मोठी फाइल प्रत्येक वेळी त्याच जागी अडकते. दर वेळी तेथेच अडकते, ही खूण महत्त्वाची. तार सैल असती तर अडकण्याची जागा बदलती राहिली असती.

आणखी एका दोषाचा उल्लेख करावयास हवा, कारण तेथे वक्त्याची ओळख पटविणे विशेष उपयोगी पडते. फर्मवेअरला पत्ता मिळाला, बूटलोडर आला, कर्नल आला. आणि कर्नल मात्र म्हणतो की डीएचसीपीचे उत्तर येत नाही! त्याच यंत्राला, त्याच तारेवरून, त्याच सर्व्हरकडून मिनिटापूर्वी उत्तर मिळाले होते. येथे यंत्र तेच असले तरी वक्ता बदललेला आहे. कर्नल सूत्रे हाती घेताना नेटवर्ककार्ड नव्याने सुरू करतो. त्यामुळे तारेचा संबंध क्षणभर तुटतो. आणि स्विचवर स्पॅनिंग ट्री ही चक्राकार मार्ग टाळणारी व्यवस्था तिच्या मूळ स्वरूपात चालू असेल तर तो स्विच त्या पोर्टला आधी १५ सेकंद ऐकावयास व मग १५ सेकंद शिकावयास लावतो. ह्या अर्ध्या मिनिटात कर्नलचे सर्व पुकारे स्विचपाशीच विरून जातात. ज्या पोर्टांना केवळ यंत्रे जोडलेली आहेत त्यांना स्विचमध्ये ह्या प्रतीक्षेतून सूट देणे हा त्यावरील उपाय. एनएफएसविषयी फार लिहीत नाही. तेथे बहुतेक दोष अधिकारांचे असतात, आणि दूरच्या प्रशासकाला सामान्य अनामिक लेखण्याचा सर्व्हरचा नेहमीचा रिवाज तबकडीविरहित यंत्रांच्या आड येतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

आता आमच्या सर्व्हरकडे वळू. ‘योग्य देकार आला नाही’ ही ओळ पाहून तंत्रज्ञ म्हणाले, ‘‘सर, नेटवर्कवरून उत्तरच येत नाहीये.’’ त्यांनी तार बदलली, स्विचचे पोर्ट बदलले, डीएचसीपी सेवा पुन्हा सुरू केली. संदेश तोच. वास्तविक त्या ओळीत नामाइतकेच विशेषण महत्त्वाचे होते. देकार आलाच नाही, की आला पण योग्य नव्हता? नव्या यूईएफआय धर्तीच्या फर्मवेअरांत ह्या दोन्ही स्थितींना बहुधा हाच एक संकेतांक आहे. जुन्या फर्मवेअरात ई५१ व ई५३ असा जो स्पष्ट भेद होता तो येथे एका विशेषणाच्या पोटात गेला आहे. वाक्य संदिग्ध असेल तर वाक्याकडे अधिक वेळ टक लावून पाहण्यात अर्थ नसतो. प्रत्यक्ष संभाषण ऐकावे लागते. टीसीपीडम्प हे त्याचे साधन. बर्कली येथील लॉरेन्स प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस व स्टीव्हन मकॅन यांनी १९८८ मध्ये ते लिहिले, आणि आज जवळजवळ प्रत्येक युनिक्स प्रणालीवर ते मिळते. डीएचसीपी सर्व्हरवर ६७, ६८ व ६९ ह्या पोर्टांवरील पॅकेटे तेवढी पाहावयाची, असे त्याला सांगितले. दोन मिनिटांत दिसून आले की शोध येत होता, देकारही जात होता. देकारात पत्ता होता. फाइलीचे नाव मात्र नव्हते.

नाव का नव्हते हेही त्याच पॅकेटांत लिहिलेले होते. ग्राहकयंत्र शोधाबरोबर आपला प्रकारही सांगते. त्यासाठी ९३ क्रमांकाचा रकाना आहे. जुन्या बायोस धर्तीच्या यंत्राचा तेथे ० असतो, ६४-बिटी यूईएफआय यंत्राचा व्यवहारात ७. आमच्या डीएचसीपी सर्व्हरला विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतील जुन्या यंत्रांसाठी, म्हणजे फक्त ० साठी, फाइलीचे नाव दिलेले होते. ध्वनिसंग्रहाचा सर्व्हर ७ म्हणत होता. तंत्रज्ञांचा उपाय ह्यावर तर्कशुद्ध होता : ‘७ म्हणणाऱ्यांनाही फाइलीचे नाव द्यावे, म्हणजे दोष जाईल.’ आणि दोष खरोखरच गेला असता.

परंतु त्या फाइलीमागून काय आले असते? आमचा बूटलोडर पीएक्सलिनक्सच्या पद्धतीने आपली आज्ञावली शोधतो. प्रथम तो यंत्राच्या एकमेव ओळखक्रमांकाच्या नावाची फाइल मागतो. मग नेटवर्ककार्डाच्या पत्त्याच्या नावाची. मग यंत्राला मिळालेला पत्ता षोडशमान पद्धतीने लिहून त्या नावाची. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१० चे रूप ‘सी०ए८०१०ए’ असे होते. ती सापडली नाही तर शेवटचे एकेक अक्षर गाळीत आठ प्रयत्न करतो. आणि सर्वांत शेवटी ‘डीफॉल्ट’ नावाची फाइल वाचतो. (टीएफटीपीच्या नोंदवहीत ह्या प्रयत्नांमुळे ‘सापडली नाही’ अशा नोंदींची रांग लागते, ती दोषाची खूण नव्हे.) पाणिनीय परंपरेशी परिचित असलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल : विशेष नियम आधी, सामान्य नियम शेवटी, अपवादाने न व्यापलेले सारे क्षेत्र उत्सर्गाचे. प्रश्न एवढाच की उत्सर्ग काय सांगतो. आमच्या ‘डीफॉल्ट’ फाइलीत प्रयोगशाळेच्या सोयीसाठी पहिली तबकडी कोरी करून तिच्यावर नवी प्रणाली आपोआप बसविण्याची आज्ञा होती. ध्वनिसंग्रहाच्या सर्व्हरच्या नावाची कोणतीही विशेष फाइल नव्हती, कारण तो नेटवर्कवरून सुरू व्हावा असे कोणाच्या मनातही नव्हते. ह्या आज्ञेतील आणखी विघातक गोष्ट ही की तिथवर पोचताना कोणताही दोषसंदेश उमटत नाही. व्याकरणदृष्ट्या सर्व काही शुद्ध असते.

म्हणजे ‘योग्य देकार आला नाही’ ह्या संदेशाने त्या सकाळी आमचा संग्रह वाचविला. देकार योग्य नव्हता हेच आमचे भाग्य.

खरा प्रश्न निराळाच होता. हे यंत्र तबकडीवरून सुरू होणारे. ते नेटवर्कवर पत्ता विचारीत का फिरत होते? त्याचे उत्तर विभागातील एका संशोधक विद्यार्थिनीच्या ध्यानात आले. फर्मवेअरच्या रचनापटलावर घड्याळ अकरा वर्षे मागचे दिसत होते. फलकावरील नाण्याएवढी बॅटरी संपली होती; रात्री वीज गेल्यावर फर्मवेअर आपली सर्व स्वीकृत रचना विसरले होते आणि कारखान्यातील मूळ रचनेवर परतले होते. त्या रचनेत यूईएफआय धर्तीचा आरंभ निवडलेला होता. आमची तबकडी जुन्या धर्तीने, म्हणजे तिच्या पहिल्या खंडातील छोट्या प्रणालीवरून, सुरू होणारी. यूईएफआयला तिच्यात आपल्या ओळखीचे काही आढळले नाही, म्हणून त्याने ती वगळून क्रमातील पुढचा पर्याय, नेटवर्क, धरला. बॅटरी बदलली, आरंभाची धर्त पूर्ववत केली, आणि सर्व्हर दीड मिनिटात सुरू झाला. संग्रह जसाच्या तसा होता.

तंत्रज्ञांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांना यंत्र सुरू करावयाचे होते, व पडद्यावरील वाक्य ज्या गोष्टीचा अभाव सांगत होते ती गोष्ट पुरवावयास ते निघाले होते. ‘डीफॉल्ट’मध्ये काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते, ती फाइल आम्हीच दोन वर्षांपूर्वी लिहून विसरलो होतो.

त्यानंतर पुढील फेरफार केले. ‘डीफॉल्ट’ फाइलीत आता स्थानिक तबकडीवरून आरंभ करावा एवढीच आज्ञा आहे. प्रणाली नव्याने बसविण्याची आज्ञा प्रयोगशाळेतील प्रत्येक यंत्राच्या नेटवर्ककार्डाच्या पत्त्याने केलेल्या स्वतंत्र फाइलीत आहे. काम झाले की ती फाइल काढून टाकली जाते. ह्या फाइलींच्या नावांत षोडशमानातील अक्षरे लहान लिपीत व आरंभी ०१ हा उपसर्ग असावा लागतो. मोठ्या लिपीतील नाव बूटलोडरला सापडत नाही व तो मुकाट्याने ‘डीफॉल्ट’कडे जातो, म्हणूनही ‘डीफॉल्ट’ निरुपद्रवी असणे अगत्याचे. ध्वनिसंग्रहाच्या सर्व्हरची डीएचसीपीमध्ये स्वतंत्र नोंद करून त्याच्या पुकाऱ्याला उत्तरच देऊ नये असे सांगून ठेवले आहे. ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत त्याच आठवड्यात काढली व ती विद्यापीठाच्या दुसऱ्या इमारतीत ठेवली आहे.